ज्येष्ठता यादी फाडून टाकली, तर चांगला शिक्षक वर्गात राहील का?

पुण्यातल्या पेठेतल्या एका अनुदानित मराठी शाळेतून एका तरुण शिक्षिकेने विचारले आहे. निवड शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून, शिक्षणसेवकाची, म्हणजे मानधनावरच्या नव्या शिक्षकाची, तीन वर्षे पूर्ण, आता नियमित वेतनश्रेणी. यंदाच्या संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या हिशेबात, शाळेचे एक पद कमी झाले आणि सेवाज्येष्ठता यादीत सर्वांत खाली असल्यामुळे त्या अतिरिक्त ठरल्या. त्यांचे म्हणणे असे: माझे तास मुले बुडवत नाहीत, पालक येऊन सांगतात की आमच्या मुलाला तुमच्या वर्गात घ्या. आणि पुस्तकातले उतारे वाचायला लावून तास काढणारे एक ज्येष्ठ सहकारी मात्र जागेवर कायम. मग ज्येष्ठता आणि कायम नोकरीचे संरक्षण, दोन्ही काढून गुणवत्तेवर शिक्षक का ठेवू नयेत? अमेरिकेत यावर खटले झाले, आपल्याकडे कोणी बोलतही नाही.

मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका, पर्यवेक्षिका आणि शेवटी मुख्याध्यापिका होते. ज्येष्ठता याद्या केल्या आहेत, चौकशी समित्यांवर बसले आहे, आणि निवृत्तीनंतर शिक्षकांची सेवेची प्रकरणे वाचून देते. त्या अनुभवावरून आधी उत्तर देते, मग कारणे.

तुमच्यावर अन्याय झाला, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो यंदाच्या यादीने केला, असे मी म्हणणार नाही. तुमच्या त्या सहकाऱ्यांचा परिविक्षा काळ, म्हणजे कायम होण्याआधीचा पारखण्याचा काळ, कोणी त्यांच्या वर्गात पाऊल न टाकता संपू दिला, तेव्हा तो झाला. पुढे दर वर्षी त्यांच्या कामाच्या गोपनीय अहवालावर ‘उत्तम’ लिहून सही झाली, तेव्हा तो पुन्हा पुन्हा झाला. यादी फक्त शेवटी आली. ती काढून टाकली, तरी हे आधीचे सगळे तसेच राहील, आणि त्यात तुम्हाला आज आहे तेवढेही संरक्षण उरणार नाही.

आता अतिरिक्त ठरणे म्हणजे काय, ते नीट पाहू, कारण निम्मा राग चुकीच्या दाराशी जातो. 30 सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले. त्यावर राज्याचे निकष 28 ऑगस्ट 2015 च्या शासन निर्णयाने आणि नंतर 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने ठरले. मुलाचे आधार जुळले नाही, तर मूल रोज बाकावर बसत असूनही या हिशेबात धरले जात नाही. पेठांमधल्या शाळांचे दुखणे तर सगळ्यांना ठाऊक आहे. वाडे पाडून इमारती झाल्या, कुटुंबे सिंहगड रस्ता, वाकड, वाघोलीकडे गेली, आणि जी राहिली त्यांतल्या अनेकांनी मुले इंग्रजी माध्यमात घातली. पट घसरतो आणि पद जाते. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तुमची जागा घेतलेली नाही. जागाच गेली आहे, आणि कायदा आता फक्त एवढेच विचारतो की उरलेल्यांतून कोण बाहेर जाणार.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात 1977 चा खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांचा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालची 1981 ची नियमावली देते. नियम 26 म्हणतो की पद कमी होताना सर्वसाधारणपणे ज्येष्ठतेचे तत्त्व पाळावे, शिक्षणाधिकाऱ्यांची आधी मान्यता घ्यावी, कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी. वरचा माणूस काढायचा असेल तर त्याची खास कारणे द्यावी लागतात. म्हणजे दार अगदी बंद नाही. पण संस्थेला त्या दारातून जायचे असेल, तर हातात कागद लागतो.

कागदाचा विषय निघालाच आहे, तर यादी जवळून पाहा. मार्चनंतर किंवा जूनमध्ये शिपाई शिक्षकखोलीत एक फाइल घेऊन येतो. आडव्या कागदावर रकाने असतात: नाव, जन्मतारीख, शैक्षणिक आणि व्यावसायिक अर्हता, अर्हता मिळवल्याचा दिनांक, नेमणुकीचा दिनांक, प्रवर्ग, शेरा. बहुतेक जण तास संपवून घाईत आपले नाव शोधतात आणि समोर सही ठोकतात. माझी प्रत्येक नव्या शिक्षकाला विनंती असते की ती सही करण्याआधी पाच मिनिटे बसा. नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ मध्ये ज्येष्ठता ठरवण्याची तत्त्वे दिली आहेत. माध्यमिक शाळेत सगळा खेळ ‘क’ प्रवर्गाचा, म्हणजे प्रशिक्षित पदवीधरांचा. पाचवी ते सातवीला डी.एड.वर लागलेला शिक्षक पुढे पदवी आणि बी.एड. करतो, तेव्हा त्याची ज्येष्ठता रुजू झाल्या दिवसापासून धरायची की नव्या अर्हतेच्या दिवसापासून, यावर पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक न्यायालयात गेले आहेत. एकाच दिवशी एकाच प्रवर्गात दोघे लागले असतील, तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. एका संस्थेच्या अनेक शाळा असतील, तर मुख्याध्यापकपदासाठी सगळ्या शाळांची मिळून यादी पाहावी लागते. यादीवर आक्षेप असेल तर तो आधी व्यवस्थापनाकडे आणि वाद मिटला नाही तर नियम 12 खाली शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. सही करून पाच वर्षांनी जागे झालेल्या माणसाची बाजू कितीही खरी असली, तरी तिची धार गेलेली असते.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे येते. समजा, ही यादी नाही. तुमच्या शाळेतून एक शिक्षक कमी करायचा आहे आणि तो ‘गुणवत्तेवर’ ठरवायचा आहे. कोण ठरवणार? संस्थेचे कार्यकारी मंडळ. कशावर? दहावीचा निकाल म्हणाल, तर तुमच्याच शाळेत अ तुकडी कोणाला मिळते आणि ड तुकडी कोणाला, हे एकदा पाहा. अ तुकडीत सकाळी क्लास करून येणारी मुले असतात. ड तुकडीत आईबरोबर धुण्याभांड्याला जाणारी मुलगी असते, दोन वर्षांपूर्वी बीडहून आलेला मुलगा असतो. त्या मुलाला 35 वरून 55 वर नेणारा शिक्षक निकालपत्रकात कुठेच दिसत नाही. आणि कोणाला कोणती तुकडी द्यायची, हे ठरवणारे लोक तेच असतील, तर निकाल लागण्याआधीच निकाल लागलेला असतो.

हे मी कल्पनेने सांगत नाही. माझ्यासमोर आलेल्या एका प्रकरणात एका शिक्षिकेने प्रवेशाच्या वेळी पालकांकडून घेतलेल्या रकमेची पावती का देत नाही, असे सभेत विचारले होते. इंग्रजी शिकवायच्या, उत्तम शिकवायच्या, मुले त्यांच्यावर जीव टाकायची. पुढच्या वर्षी पद कमी झाले आणि संस्थेने त्यांचे नाव अतिरिक्त म्हणून पाठवले. कारण लिहिले होते: शाळेच्या वातावरणाशी जुळवून घेत नाहीत. शिक्षणाधिकारी कार्यालयात तो प्रस्ताव टिकला नाही, कारण यादीत त्यांच्याखाली तिघे होते. त्यांच्या उत्तम शिकवण्याने त्यांना वाचवले नाही, ते कोणी मोजतही नव्हते. नेमणुकीच्या तारखेने वाचवले. ज्यांना ज्येष्ठता हा आळशी लोकांचा आसरा वाटतो, त्यांना मला हे प्रकरण सांगावेसे वाटते. प्रश्न विचारणाऱ्या शिक्षकाला त्या तारखेशिवाय दुसरा आधार नसतो.

मात्र ज्येष्ठतेवर टीका करणारे एका जागी बरोबर आहेत, आणि ते मी मोकळेपणाने सांगते. मुख्याध्यापकपद. नियम 3 प्रमाणे ते पद अर्हता पूर्ण करणाऱ्या आणि सेवेचा अभिलेख समाधानकारक असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला द्यायचे असते. चांगला शिक्षक चांगला मुख्याध्यापक होईलच असे नाही. शाळा चालवणे हे वेगळे काम आहे: शालार्थ या वेतनप्रणालीतली देयके, आरक्षणाची पदे दाखवणारी बिंदुनामावली, पोषण आहाराचा हिशेब, माजी विद्यार्थ्यांकडून निधी, आणि या सगळ्यातून वेळ काढून दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसणे. निवृत्तीला वर्षभर उरले असताना खुर्चीत येणारा माणूस यातले काय सुरू करणार? जिल्हा परिषदेत केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्यांच्या, निम्म्या जागा मर्यादित विभागीय परीक्षेने, म्हणजे सेवेतल्या शिक्षकांपुरत्या परीक्षेने, भरायचे सरकारने ठरवले. अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकपदालाही अशी वाट हवी, असे माझे ठाम मत आहे. पुरेशी सेवा झालेल्यांमधूनच निवड, पण त्यांच्यात परीक्षा, आणि ती परीक्षा संस्थेने नाही तर राज्याने घ्यायची.

तोवर ‘समाधानकारक अभिलेख’ हे शब्द नियमात आहेतच. ते कामाला का येत नाहीत, हे एका फाइलमध्ये मी स्पष्ट पाहिले. संस्थेने सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाला डावलून दुसऱ्याला मुख्याध्यापक केले. डावललेल्या शिक्षकाने अधिनियमाच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणात अपील केले. डावलले म्हणून अपील करण्याचा हक्क त्या कलमात आहे, आणि मुदत 30 दिवसांची. संस्थेने बाजू मांडली की हे गृहस्थ वर्गात उशिरा जातात, वह्या तपासत नाहीत, पालकांशी उद्धट बोलतात. सगळे खरे होते. शाळेतल्या कोणालाही विचारा, तेच सांगितले असते. मग त्यांचे गोपनीय अहवाल मागवले. एकामागून एक वर्ष: वक्तशीरपणा उत्तम. विषयज्ञान उत्तम. वर्गनियंत्रण चांगले. सहकार्य उत्तम. प्रत्येक पानावर खाली मुख्याध्यापकांची सही, त्यावर संस्थेचा शिक्का. हाताशी हे असताना न्यायाधिकरण दुसरे काय करणार? अपील मंजूर झाले. बाहेर येऊन संस्थेचे लोक कायद्याला दोष देत होते.

गोपनीय अहवाल खरा लिहिणे अवघड असते, हे मी जाणते. शेरा प्रतिकूल असेल तर तो लेखी कळवावा लागतो, त्यावर उत्तर येते, शिक्षकखोलीत बोलणे बंद होते, संघटनेचे लोक भेटायला येतात. ज्याच्याशी रोज एकाच टेबलावर डबा खायचा, त्याच्याविषयी ‘वह्या तपासलेल्या नाहीत’ असे लिहायला मन धजत नाही. पण मुख्याध्यापकाचा पगार त्या धाडसासाठीही असतो.

याहून मोठी संधी परिविक्षेत असते. कलम 5 प्रमाणे स्थायी जागेवर नेमलेला कर्मचारी दोन वर्षे परिविक्षेवर असतो, शिक्षणसेवकासाठी हा काळ तीन वर्षांचा. या काळात काम समाधानकारक नसेल तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचे वेतन देऊन सेवा संपवता येते. मुदत संपली की तो कायम झाला असे कायद्यानेच मानले जाते, वेगळा आदेश लागत नाही. आणि नियम 15 मुख्याध्यापकावर जबाबदारी टाकतो की या काळातल्या कामाचे वस्तुनिष्ठ मूल्यमापन करा आणि त्याची नोंद ठेवा. तुम्हीच आठवून पाहा: तुमच्या तीन वर्षांत मुख्याध्यापक तुमच्या वर्गात पूर्ण तास किती वेळा बसले? नंतर पाठाविषयी तुमच्याशी कोणी बोलले का? शिक्षणसेवकाला मानधन किती कमी, यावर आपण भरपूर बोललो, आणि ते बोलायलाच हवे होते. 2023 पासून ते प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार आणि उच्च माध्यमिकला 20 हजार झाले. पण ती तीन वर्षे शिकवणे शिकण्यासाठी आणि पारखण्यासाठी आहेत, ही गोष्ट मागेच पडली. आपण त्यांचा उपयोग स्वस्तात माणूस वापरण्यापुरता केला.

अमेरिकेतल्या ज्या खटल्याचा उल्लेख तुम्ही केला आहे, तो बहुधा कॅलिफोर्नियाचा व्हर्गारा खटला. नऊ विद्यार्थ्यांच्या नावाने तो चालला. तक्रार तीन गोष्टींवर होती: शिक्षकाला कायम करण्याचा निर्णय फार लवकर घ्यावा लागतो, कायम झालेल्याला काढण्याची पद्धत फार किचकट आहे, आणि कपातीत शेवटी आलेला आधी जातो. 2014 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने हे कायदे घटनाबाह्य ठरवले. 2016 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. अपील न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की वाईट शिक्षक गरीब मुलांच्या वाट्याला येतात, तेव्हा कोणाला कुठे नेमायचे हे प्रशासन ठरवत असते, कायदा ते घडवून आणत नाही. मला हा मुद्दा आपल्यालाही लागू पडतो असे वाटते. तिथे दुसरे वर्ष पूर्ण होण्याआधीच, मार्चमध्ये, कायम करण्याचा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तक्रार होती. आपल्याकडे शिक्षणसेवकाची पूर्ण तीन वर्षे हातात असून आपण पाहत नाही.

कायम शिक्षकाला काढताच येत नाही, हाही एक पक्का समज आहे. नियम 28 मध्ये गैरवर्तन आणि नैतिक अधःपतनाबरोबर कर्तव्यात जाणूनबुजून व सातत्याने केलेली हयगय आणि अकार्यक्षमता ही कारणे स्वच्छ लिहिली आहेत. अकार्यक्षमतेत काय येते तेही दिले आहे: वारंवार सूचना आणि सोयी देऊनही ज्ञान अद्ययावत न ठेवणे, आणि स्वतःच्या हातातल्या कारणांमुळे अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न करणे. मुख्याध्यापकाखालच्या कर्मचाऱ्याच्या चौकशी समितीत संस्थेचा एक, कर्मचाऱ्याने सुचवलेला एक आणि राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून एक, असे तिघे बसतात. चौकशी साधारण 120 दिवसांत संपवायची असते. ही रचना मला आजही समतोल वाटते. प्रकरणे कोसळतात ती वेगळ्याच कारणांनी: दोषारोपात तारीख नसते, साक्षीदाराची उलटतपासणी होऊ देत नाहीत, कर्मचाऱ्याला कागदांच्या प्रती मिळत नाहीत, समितीची बैठक तिसऱ्या सदस्याला न कळवता होते. मग माणूस मागच्या पगारासह परत येतो आणि पुढची वीस वर्षे त्याला कोणी हात लावत नाही. ‘वारंवार सूचना’ या दोन शब्दांसाठी दोन वर्षांत चार लेखी पत्रे लागतात. ती चार पत्रे लिहिलेली फाइल मी फार क्वचित पाहिली.

ज्येष्ठांच्या बाजूनेही आता जमीन सरकली आहे, हे लक्षात घ्या. 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या सेवेतील शिक्षकांनाही शिक्षक पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना सेवेत राहता येईल, पण परीक्षेशिवाय पदोन्नती नाही. पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षेच्या टेबलावर बसवणे मला योग्य वाटत नाही. वर्गात जाऊन जे पाहायला हवे होते, ते न पाहिल्याची भरपाई बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेने होणार नाही. तुमच्याकडे ती पात्रता आधीच असेल, तर हा मुद्दा पुढे पदोन्नतीच्या वेळी तुमच्या बाजूने उभा राहील.

आता तुम्ही काय करावे ते सांगते. संचमान्यतेची प्रत मागा आणि पटाचा आकडा, आधार न जुळलेली मुले, मंजूर पदे ताडून पाहा. आकडा चुकला असेल तर मुख्याध्यापकांकडून दुरुस्तीचा प्रस्ताव लगेच जायला हवा. यादीत तुमच्या वरच्या दोन-तीन नावांच्या अर्हतेच्या तारखा, प्रवर्ग आणि जन्मतारखा पाहा, आणि शंका असेल तर आक्षेप लेखी द्या, पोच घ्या. बिंदुनामावलीत तुमचे पद कोणत्या बिंदूवर आहे, विषयाची गरज काय, हेही तपासा, कारण नियम 27 मध्ये मागासवर्गीय कर्मचाऱ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. समायोजनाच्या, म्हणजे अतिरिक्त शिक्षकाला दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याच्या, दिवशी रिक्त पदांची यादी आधी मिळवून दोन-तीन शाळा स्वतः जाऊन बघून या. हडपसर-वाघोलीकडे पट वाढणारी शाळा मिळाली, तर लांब वाटली तरी तिचा विचार करा. पुन्हा अतिरिक्त ठरण्याची भीती तिथे कमी. आदेश हातात पडला की सेवापुस्तकात नोंद झालेली स्वतः वाचा.

आणि एक गोष्ट, जी समायोजनाच्या गडबडीत कोणी सांगत नाही. नियम 26 प्रमाणे तुमचे पद पुन्हा मंजूर झाले किंवा नवे पद निर्माण झाले, तर पहिली संधी तुम्हाला देणे संस्थेवर बंधनकारक आहे, आणि ती नोंदणीकृत टपालाने कळवायची असते. म्हणून जाताना शाळेकडे तुमचा सध्याचा पत्ता लेखी द्या, घर बदलले की पुन्हा कळवा, आणि दर ऑक्टोबरमध्ये त्या शाळेचा पट किती झाला ते विचारत राहा.